घटस्फोटाचा हुकूमनामा चर्चमधल्या लग्नाला पुरत नाही

महोदय,

वसई, मुंबई, गोव्यात कॅथलिक मुलामुलींची लग्ने घटस्फोटित हिंदू जोडीदाराशी ठरतात, तेव्हा कोर्टाचा हुकूमनामा मिळाला की वाट मोकळी, असे दोन्ही घरे धरून चालतात. हॉल ठरतो, पत्रिका छापायला जातात आणि मग फादर ‘थांबा’ म्हणतात. ‘मी कॅथलिक नाही, मग मला हा नियम का?’ या प्रश्नाचे उत्तर वेळेवर मिळायला हवे.

दोन हिंदूंचे लग्न मंडपात लागलेले असो वा रजिस्टर, चर्च ते खरे लग्न मानते. चर्चच्या विधीची सक्ती फक्त कॅथलिकांना आहे. म्हणूनच दिवाणी घटस्फोटाने तो बंध सुटला, असे चर्च समजत नाही (कॅनन, म्हणजे चर्चच्या कायद्याचे कलम, 1085). उलट आधीचा जोडीदार कॅथलिक असेल आणि बिशपांच्या परवानगीविना नुसते रजिस्टर लग्न झाले असेल, तर विधीअभावी ते अवैध ठरते आणि कागदपत्रांवर लवकर निकाली निघते. तेव्हा आधीच्या जोडीदाराचा बाप्तिस्मा झाला होता का आणि लग्न कुठे लागले, हे सर्वांत आधी विचारावे.

इतरांना आधीचे लग्न अवैध ठरवून घेण्यासाठी धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतील भागाच्या) विवाह न्यायालयात अर्ज करता येतो. त्यासाठी कॅथलिक असावे लागत नाही. अर्ज फसतो तो बहुधा मजकुरामुळे. संसारातली भांडणे पानेच्या पाने लिहिली जातात, पण न्यायाधीश तपासतात ती लग्नाच्या दिवशीची संमती: जबरदस्ती होती का, मोठी गोष्ट फसवून लपवली का, मूल नकोच असे आधीच ठरवले होते का, लग्नाची जबाबदारी पेलण्याची मानसिक कुवत होती का. साक्षीदारही लग्नाआधीपासून ओळखणारे हवेत. आधीच्या जोडीदाराचा पत्ता द्यावाच लागतो. त्याला नोटीस जाते, पण तो आला नाही तरी खटला चालतो. 8 डिसेंबर 2015 पासून दुसऱ्या न्यायालयाची पुष्टी सक्तीची राहिलेली नाही. पहिला निकाल वर्षाच्या आत लागावा असा नियम आहे, प्रत्यक्षात जास्तही लागते. लग्न अवैध ठरले तर मुले अनौरस ठरतील, ही भीती मात्र निराधार आहे (कॅनन 1137).

आधीच्या लग्नात दोघेही बाप्तिस्मा न झालेले असतील आणि आता एकाने तो घेतला, तर पौलीन सवलतीखाली (नव्या लग्नाने जुना बंध सुटण्याची चर्चची तरतूद) बिशपांच्या पातळीवरच काम होऊ शकते. दुसऱ्यालाही बाप्तिस्मा घ्यायचा आहे का, निदान शांततेने एकत्र राहायचे आहे का, हे मात्र रीतसर विचारावे लागते. केवळ लग्नासाठी बाप्तिस्मा घ्यायला कुणी सुचवत असेल, तर ते चूकच. बाप्तिस्मा न घेताही प्रकरण रोमला पाठवता येते. तिथे पोप स्वतः निर्णय देतात. पहिला संसार मोडायला अर्जदार मुख्यत्वे किंवा नवा जोडीदार कारणीभूत नसावा लागतो.

प्रत्येक पॅरिशने ही चौकशी साखरपुड्याआधीच करावी. आणि चर्चचा निकाल मिळाला म्हणून कोर्टाचा घटस्फोट टाळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मॉली जोसेफ खटल्यात 1996 मध्येच ते स्पष्ट केले आहे.

– विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गाचे कार्यकर्ते, वसई