विषय: नव्या वॉटर पंपाच्या वीप होलमधून कूलंटची गळती, बेअरिंगची घरघर आणि ‘घरी बसवला’ म्हणून नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

इंजिन थंड ठेवणारा द्राव, म्हणजे कूलंट, फिरवणाऱ्या या वॉटर पंपासाठी तुमच्या हेल्पलाइनला आज दुपारी पाचवा फोन केला. सहावा करणार नाही, म्हणून सगळं लेखी देतो आहे.

पंप बसवून ११ दिवस झाले, गाडी ३४० किलोमीटर चालली. थंड इंजिन सुरू केलं की पट्ट्याच्या बाजूने घरघर येते आणि रेस वाढवली की तिची बारीक शिट्टी होते. रात्रभर गाडी उभी राहिली की खाली हिरव्या कूलंटचं बशीएवढं थारोळं साचतं. गळती नेमकी कुठून होते हे मी तपासलं आहे. तपासण्या आणि फोटो पहिल्या फोननंतरच मेलवर पाठवले होते. पाच फोनांत एकानेही ते उघडले नाहीत.

पुन्हा सांगतो. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरवर प्रेशर टेस्टर लावला. टोपीवर ०.९ (बार) लिहिलंय, तेवढाच दाब दिला. बारा मिनिटांत काटा ०.६ वर उतरला. पंप आणि इंजिन ब्लॉकच्या सांध्याभोवती आधीच खडूची पूड लावली होती. ती शेवटपर्यंत कोरडी आणि पांढरी राहिली. होजचे दोन्ही क्लॅम्प कोरडे. थेंब धरत होता तो फक्त पंपाच्या पोटाखालच्या वीप होलला, म्हणजे गळती दिसावी म्हणून ठेवलेल्या बारीक भोकाला, साधारण वीस सेकंदांना एक. म्हणजे सांध्यातलं गॅस्केट धरून आहे, आतलं सील गेलं आहे.

आवाजाचंही तसंच. पट्ट्याच्या खाचांवर चालत्या इंजिनवर पाणी शिंपडलं. आवाज कमी झाला असता तर पुली तिरकी असल्याचा संशय आला असता, वाढला असता तर पट्टा सैल. काहीच फरक पडला नाही. मग पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवलं, पंप फिरत नसल्याने त्याहून जास्त नाही. आवाज साफ बंद. त्याच पट्ट्यावरचे अल्टरनेटर, आयडलर, टेन्शनर एकेक हाताने फिरवले, सगळे गुळगुळीत. तुमच्या पंपाची पुली फिरवली की बोटांना वाळू भरडल्यासारखं लागतं, आणि वर-खाली धरून हलवली तर चक्क डुलते. नव्या बेअरिंगला डोळ्यांनी दिसेल इतका खेळ असूच शकत नाही, हे पंप बनवणाऱ्या कंपनीला मी सांगायचं?

आता आजचा फोन. पलीकडच्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न केला, “सर, पंप गॅरेजमध्ये बसवला की घरी?” मी म्हटलं, घरी. “मग वॉरंटी संपली.” गळती कुठून होते ते तरी ऐका, म्हटलं. तर म्हणाले, “हेड गॅस्केट गेलं असेल.” रेडिएटरच्या तोंडावर ब्लॉक टेस्टर लावून पाहिलं आहे, हेड गॅस्केट गेलं की इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये येऊन टेस्टरमधला निळा द्राव पिवळा होतो, तो झाला नाही, हे सांगितलं. त्यावर, “कूलंट वरून ओघळत असेल.” वर काय आहे विचारलं, तर शांतता. वीप होलमधून गळतंय म्हटल्यावर त्यांनी मला ते कसलं भोक, असं विचारलं. मी समजावलं. थोडा वेळ होल्डवर ठेवून परत आले आणि म्हणाले, “सर, सिनिअरना विचारलं. त्या भोकात एमसील भरा, थांबेल.”

एमसील! हा सल्ला तुमच्या सिनिअर तंत्रज्ञाने दिलेला आहे, म्हणून तो इथे लिहून ठेवतो. ते भोक सील आणि बेअरिंग यांच्या मध्ये मुद्दाम ठेवलेलं असतं. सील हरलं तर कूलंट बाहेर पडावं आणि चालवणाऱ्याला दिसावं, यासाठी. बुजवलं की तेच कूलंट बेअरिंगमध्ये शिरणार, ग्रीस धुऊन जाणार आणि एक दिवस पंप जाम होणार. पट्टा तुटला की चार्जिंग गेलं, कूलंटचं फिरणं थांबलं, आणि घाटात इंजिन तापून हेड वाकलं. शंभर-दीडशे रुपयांच्या सीलवरून पन्नास हजारांचं काम. हा सल्ला किती जणांना दिला आहे, ते आधी शोधा.

घरी बसवणाऱ्यांच्या हातून चुका होतात, हे मी नाकारत नाही. सिलिकॉन जास्त लावलं की आत सुटलेला तुकडा सीलच्या दोन चकत्यांमध्ये अडकतो. पुली हातोडीने ठोकली, पट्टा अति ताणला, तर बेअरिंग मरतं. कूलंट न भरता इंजिन चालवलं तर सीलची घासणारी बाजू काही क्षणांत जळते. पण यातली प्रत्येक चूक खूण ठेवते. सीलवर जळकी वर्तुळं दिसतात, पुलीवर घाव दिसतात, आत सिलिकॉनचे तुकडे सापडतात. तुमच्या पत्रकात गॅस्केट कोरडं बसवा असं छापलंय, ते कोरडंच बसवलं. पाचही बोल्ट समोरासमोर घेत टॉर्क पान्याने १० न्यूटन-मीटरला आवळले. साध्या पाण्याने सिस्टिम स्वच्छ निथळेपर्यंत धुतली, मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. हीटर गरमवर ठेवून हवा काढली, डॅशबोर्डमागे गुळगुळ उरली नाही, आणि गाडी त्यानंतरच रस्त्यावर काढली.

वॉरंटी कार्डावर तुम्ही “चुकीच्या फिटिंगमुळे झालेले नुकसान” वगळलं आहे. “घरचं फिटिंग” असा शब्द त्यात कुठेही नाही. पंप न पाहता, फोटो न उघडता फिटिंग चुकीचं ठरवलं कोणी? घरात जुन्या गाडीपासून तुमचेच पंप वापरले. डब्यावरचं नाव पाहून दुकानदाराला दुसरा दाखवूही दिला नाही. तो भरवसा आज गेला.

माझी मागणी अशी: पंपाची पूर्ण किंमत, वाया गेलेल्या चार लिटर कूलंट मिश्रणाचे पैसे, आणि सील उघडून केलेल्या तपासणीचा लेखी अहवाल. अहवालात माझी चूक फोटोसह दिसली तर एक रुपया मागणार नाही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. एमसीलच्या सल्ल्याचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, ते पुसू नका.

पंप उद्या गाडीवरून उतरवतो आहे. न धुता, वीप होलखालच्या हिरव्या ओघळासकट, पिशवीत बंद करून ठेवेन. ज्याला सील उघडता येतं असा माणूस पाठवा.