“नवीन काय शिकलंस तां सांग”

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर ग्रंथपालांच्या कार्यशाळेची बातमी आली होती, सोबत दीपप्रज्वलनाचा फोटो. त्या फोटोत मी पण आहे. तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेली बाई ती मी. झोप लागली नव्हती हो, मोबाईलवर परतीच्या एसटीचं टायमिंग बघत होते, कारण साडेचारची गाडी चुकली की कणकवलीत रात्र काढायची पाळी येते आणि कार्यक्रम तर अजून सत्कारांवरच अडकला होता.

मी देवगड तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, वाचनालय क वर्गाचं, म्हणजे सरकारी प्रतवारीत खालून दुसरं. ग्रंथपाल म्हणजे देवघेव मी, दाखल रजिस्टर मी, वर्गणीची वसुली मी, तपासणीला साहेब येणार असले की चहा पण मीच. सकाळी एक काकू झाडून जातात तेवढीच मदत. मानधनाचा आकडा लिहीत नाही, हापूसच्या पहिल्या पेटीला मुंबईत जो भाव लागतो त्याच्या आसपास समजा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आम्हाला अनुदान मिळतं, २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली हे पण खरंय, नाही म्हणणार नाही. पण त्या अनुदानातून पुस्तकं, लाईटबिल, पेपरांची बिलं आणि माझं मानधन एवढं भागवून ट्रेनिंगला जायला काय उरतं ते आमच्या कार्यवाहांना विचारा. या वेळची रजिस्ट्रेशन फी मी माझ्या खिशातून भरली, गाडीभाडं पण. तक्रार पैशाची नाहीये खरं तर, तक्रार पुढे आहे.

दोन दिवस वाचनालयाला कुलूप होतं. दारावर मी कागद चिकटवून गेले होते, ‘ग्रंथपाल प्रशिक्षणास गेल्या आहेत’, तो वाऱ्याने उडाला असणार. तिसऱ्या दिवशी उघडलं तर आमचे एक आजोबा, रिटायर झालेले तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचे प्रमुख, वय ऐंशीच्या पुढे, रोज चारला येऊन पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारे, ते दारातच उभे. म्हणाले, “गे बाय, दोन दिस कुलूप बघून परत गेलंय. खंय गेललंस?” मी म्हटलं ट्रेनिंगाक. तर म्हणाले, “बरां. मग नवीन काय शिकलंस तां सांग.”

आणि मला काही सांगता येईना. पिशवीत एक फाईल, एक पेन, एक सर्टिफिकेट आणि कापडी पिशवीवर छापलेला लोगो, एवढंच होतं. हे पत्र त्या प्रश्नामुळे लिहितेय.

कुठल्या संस्थेने भरवलं होतं ते लिहीत नाही, कारण गेल्या आठ-दहा वर्षांत मी पाच तरी अशा कार्यशाळांना गेले असेन आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच बघितलं. आधी भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार. मग कोणीतरी त्यांचे ग्रंथालयांसाठीचे १९३१ चे पाच नियम वाचून दाखवतो. त्यातला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असा आहे, आणि तो ऐकताना मला दर वेळी वाटतं की आत्ता या हॉलमध्ये जेवढे जण बसलेत तेवढ्या वाचनालयांना आज कुलूप आहे. मग पाहुणे उशिरा येतात. मग पीपीटी, बारीक अक्षरात, इंग्रजीतली, आणि वाचून दाखवलेली. जेवण मात्र चांगलं असतं, ते कबूल.

नॅशनल लेव्हलच्या सेमिनारला पण एकदा गेले होते. तिथे बहुतेक सगळे कॉलेजचे ग्रंथपाल. त्यांना पेपर वाचला, रिफ्रेशर कोर्स केला की प्रमोशनसाठी धरतात, यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियमच तसे आहेत, त्यामुळे एकामागून एक पेपर, प्रत्येकाला सात मिनिटं, घंटी वाजली की पुढचा. त्यांना दोष देत नाही, त्यांची नोकरी आहे ती. पण माझ्यासारखीने पेपर वाचला काय आणि नाही वाचला काय, मानधनात रुपयाचा फरक पडत नाही. म्हणजे आम्ही जायचं ते फक्त शिकण्यासाठी. मग निदान शिकवा तरी.

आता मला काय शिकायचं होतं ते सांगते. तीन वर्षांपूर्वी जुलैत एका रात्री आमच्या खिडकीचा दरवाजा वाऱ्याने उघडला आणि खालचे दोन कप्पे भिजले. सकाळी बघते तर पुस्तकं फुगून कप्प्यात अशी गच्च बसलेली की ओढली तर पुठ्ठा हातात यायचा. दुपारी नशिबाने उघडीप मिळाली म्हणून मी सगळी अंगणात नेऊन उन्हात मांडली, जसे आपण पापड वाळत घालतो तशी. आणि ती पापडासारखीच झाली. पाठी वाकल्या, शिवण सुटली, पानं लाटा लाटा. लहान मुलांची रंगीत चित्रांची, त्या गुळगुळीत कागदाची, ती तर आतून चिकटून वीट झाली, एक पान सोडवायला गेलं की दुसऱ्या पानावरचा हत्ती निम्मा फाटून यायचा. सत्तावीस पुस्तकं बाद करावी लागली. बाद करायचा ठराव, त्याची यादी, तपासणीत त्यावर प्रश्न, ते वेगळंच.

नंतर एका कार्यशाळेत, सभागृहात नव्हे, चहाच्या टेबलाशी, एका रिटायर झालेल्या ग्रंथपाल सरांनी मला दहा मिनिटांत सगळं सांगितलं. भिजलेलं पुस्तक उन्हात कधी ठेवायचं नाही. सावलीत, पंख्याखाली, थोडी थोडी पानं सोडून मधे टिपकागद नाहीतर छपाई नसलेला साधा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलत राहायचं. गुळगुळीत कागदाचं पुस्तक सुकायच्या आधीच पान न् पान सुटं करायचं, एकदा ते चिकटून सुकलं की संपलं. बुरशी दोन दिवसांत धरते, त्यामुळे जे करायचं ते पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत. आणि पुस्तकं फार असतील, एवढ्यांना हात पुरणार नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये टाकायची, गोठलेल्या पुस्तकाला बुरशी लागत नाही, मग सवडीने थोडी थोडी काढून सुकवायची. हे ऐकून मी कपाळावर हात मारला. अहो, आमच्या बंदरावर मासळीचे एवढे फ्रीझर! कोणाकडे पण एक रात्र जागा मिळाली असती. पापलेटाशेजारी बालभारती, लोक हसले असते, पण सत्तावीसातली वीस तरी वाचली असती.

ते सर त्या दिवशी वक्ते नव्हते बरं का. ते प्रेक्षकांत बसले होते. वक्ते ‘डिजिटल युगातील ग्रंथालयांची बदलती भूमिका’ यावर बोलत होते.

कोकणात हे शिकवायला माणसं बाहेरून आणायची पण गरज नाही. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ चा पूर त्यांनी बघितला, २२ जुलै २०२१ चा बघितला. पुराच्या चिखलातून पुस्तकं काढणं म्हणजे काय हे ज्यांनी स्वतःच्या हातांनी केलंय ती माणसं आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहेत आणि मी गेले त्या एकाही कार्यशाळेत त्यांच्यापैकी कोणाला माईक दिलेला मी बघितला नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, २०२८ मध्ये त्याला दोनशे वर्षं पुरी होतात. जवळजवळ दोनशे पावसाळे काढलेली संस्था आहे ती, दमट हवेबद्दल तिला विचारायचं नाही तर कोणाला?

कारण आमची खरी लढाई हवेशी असते. कपाट भिंतीला टेकवून ठेवलं की मागून ओल येते, हे मला चार वर्षांनी कळलं. डांबरगोळ्यांनी कसर जरा कमी होते, बुरशीला त्या काही करत नाहीत, हे पण उशिराच कळलं. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी कपाटाचं बिजागर गंजतं आणि तो गंज पुस्तकाच्या कडेला लागतो. वाळवी तर एका रात्रीत कथासंग्रह फस्त करते, वरून कव्हर शाबूत, उघडलं की आत माती. बाइंडिंगच्या खळीत मोरचूद घालतात कीड लागू नये म्हणून, पण किती घालायचं, ते विषारी असतं तर हाताला काय लावायचं, हे कोणी उभं राहून करून दाखवलं तर समजेल, स्लाइडवर नाही समजत.

कॉम्प्युटरचं पण तेच. दर कार्यशाळेत ‘कोहा’चं नाव निघतं, पुस्तकांची यादी आणि देवघेव ठेवायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, सगळ्या जगात वापरतात वगैरे. एकदा डेमो होता तर हॉलमध्ये नेटच आलं नाही, मग स्क्रीनशॉट दाखवले. घरी येऊन मी वाचत बसले तर काय कळलं, हे कोहा न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातल्या वाचनालयांसाठी तयार झालंय, १९९९ मध्ये. त्यांची जुनी सिस्टीम २००० साल उजाडलं की बंद पडणार होती, नवीन विकत घ्यायला परवडत नव्हती आणि त्यांच्या शाखा साध्या फोनच्या लाईनवर जोडलेल्या, म्हणून त्यांनी स्वतःच बनवून घेतलं आणि सगळ्यांना वाटून टाकलं. तिकडच्या माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. म्हणजे बघा, आमच्यासारख्यांच्या अडचणीतून जन्मलेली गोष्ट आणि ती आम्हाला अशी सांगतात की जणू काय फक्त युनिव्हर्सिटीलाच झेपेल.

माझी अडचण तर त्याच्याही आधीची आहे. आमच्या साडेतीन हजार पुस्तकांची यादी एका डीटीपीवाल्या मुलाने पूर्वी टाईप करून दिली होती, जुन्या फॉन्टमध्ये. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, नसल्यामुळे दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसते आकडे न् चौकोन दिसतात. ती फाईल कन्व्हर्ट कशी करायची, नंतर ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ तपासायचे कसे, लेखकाचं आडनाव आधी की नाव आधी, एवढं कोणी माझ्या शेजारी बसून दोन तास शिकवलं असतं तर माझं वर्ष वाचलं असतं. प्रश्नोत्तरात विचारलं मी हे. उत्तर मिळालं, “चांगला प्रश्न आहे, नंतर भेटा.” नंतर ते जेवायला गेले आणि मी एसटीला.

आता म्हणाल नुसती रड, उपाय काय. उपाय जुनाच आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले, दुसऱ्याच वर्षी त्यांनी तिथे ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला, आपल्या देशातलं हे असलं पहिलं शिक्षण. आणि त्याच बडोद्यात पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव पाठवायचे, एका गावात वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. मला वाटतं कार्यशाळेची पण तशी पेटी करावी. शंभर जणांना जिल्ह्याला गोळा करण्यापेक्षा दोन जाणकार माणसं, एक बाइंडर, एक लॅपटॉप, असं तालुक्या-तालुक्यात फिरू दे. पंधरा-वीस ग्रंथपाल पुरे. प्रत्येकाने आपलं एक फाटकं पुस्तक आणायचं आणि दुरुस्त करून परत न्यायचं. आपली ती बिघडलेली फाईल पेनड्राइव्हवर आणायची. जवळ असलं की सकाळी शिकून संध्याकाळी वाचनालय उघडता पण येतं, तांडेल आजोबांचा पेपर चुकणार नाही.

आणि तारखा कृपा करून बघून ठरवा. मार्च एन्डला निधी संपवायचा म्हणून मार्चमध्ये कार्यशाळा ठेवतात, तेव्हा आमचे वार्षिक हिशोब असतात आणि मधेच शिमगा. मे महिन्यात नको, तेव्हा चाकरमानी नातवंडांना घेऊन गावी येतात आणि वर्षातली सगळ्यात जास्त देवघेव तेव्हाच होते. भातकापणी आणि दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात घ्या. फक्त भिजल्या पुस्तकांचं जे आहे ते मृगाच्या आधी, एक दिवस का होईना, कारण जुलैत शिकून काय उपयोग.

जागेची काळजी करू नका. आमच्या वाचनालयाचा वरचा हॉल रिकामाच असतो, खुर्च्या शाळेतून आणू, जेवण बचत गटाच्या बायका करतात, माशाचं हवं की शाकाहारी ते दोन दिवस आधी कळवा म्हणजे झालं. प्रोजेक्टर नाहीये आणि दुपारी लाईट जाते. पण खळ शिजवायला चूल आहे.

आपली,
एक ग्रंथपाल
(ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग. नाव छापू नये ही विनंती, तपासणी जवळ आलीय.)