बाबांचे शर्ट मी आणले आहेत

ती. बाबा आणि आई,

सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या कपाटातले ते चुरगळत नाहीत म्हणून घेतलेले शर्ट मी बंगळूरला घेऊन आले आहे. आईवर चिडू नका, तिला यातलं काही माहीत नव्हतं. अप्पाकाकांनी दिलेला निळाही त्यातच आहे. तो टाकणार नाही, जपून ठेवीन. पण अंगात घालायला परत देणार नाही.

अंगावर उठलेल्या पुरळाला तुम्ही घामोळं म्हणताय, पण घामोळं ऐन थंडीत टिकत नाही. आणि कॉलरखाली, काखेच्या कडेला, जिथे कापड घासतं नेमकं तिथेच कसं उठेल? सुती कापड चुरगळू नये म्हणून त्यावर रेझिन, म्हणजे राळेसारखं रसायन, चढवून भट्टीत पक्कं करतात. त्यात बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइड नावाचं, त्वचेला त्रास देणारं रसायन असतं आणि घाम, उष्णता लागली की ते थोडं थोडं सुटत राहतं. आमच्या लॅबमध्ये आम्ही हेच मोजतो. कापडाचे बारीक तुकडे करून तासभर ४० अंशांच्या पाण्यात ठेवायचे आणि पाण्यात किती उतरलं ते बघायचं. जपानने तर १९७३ सालीच यावर कायदा केला. मोठ्यांच्या अंगालगतच्या कपड्यात दहा लाखात ७५ भागांपर्यंत चालतं, तान्ह्या बाळाच्या कपड्यात ते जवळजवळ सापडताच कामा नये. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण एकदा ॲलर्जी जडली की थोडंसंही पुरतं.

कडक इस्त्रीशिवाय तुम्ही कधी बँकेत गेला नाहीत, हे मला ठाऊक आहे. तुमचा रुबाब कमी व्हावा असं मला कसं वाटेल? मऊ सुती शर्ट पाठवलेत, फिकट रंगाचे, थोडे सैल. पेनासाठी खिसा आहे. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी बोलले आहे, तो एक दिवसाआड घरी येईल.

आई, तुझे ते गडद निळे सॅटीनचे परकरही आता नकोत. पॉलिस्टरवरचे डिस्पर्स रंग धाग्याला रासायनिक बंधाने चिकटलेले नसतात, घामाने आणि घासून अंगाला लागतात, आणि गडद निळ्यांतले काही ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहेत. कमरेवर नाडीखाली तुला खाजतं, ते तू मला सांगितलं नाहीस, ताईकडून कळलं. पांढरे सुती परकर पाठवलेत, नाडी रुंद आहे, काचणार नाही.

दिवाळीचा नवा फ्रॉक तू आदल्या रात्रीच धुऊन पंख्याखाली वाळवायचीस, आणि मी कोरा वास गेला म्हणून रुसून बसायचे. तसंच आता स्वतःसाठी कर. नवं काहीही धुतल्याशिवाय अंगाला लावायचं नाही, दोघांनीही.

ताईच्या बाळासाठी आजीच्या नऊवारीचीच दुपटी काढ. पण ती डांबरगोळ्यांच्या ट्रंकेत आहेत ना? काही बाळांच्या रक्तात एक एन्झाइम कमी असतं, अशा बाळाच्या तांबड्या पेशी त्या वासानेही फुटू शकतात. गोळ्या आजच काढून टाक, दुपटी दोनदा धू, कडक उन्हात घाल आणि ट्रंकेत वेखंड ठेव.

बाबा, त्वचेच्या डॉक्टरांची बुधवारची वेळ घेतली आहे. पाठीवर पट्ट्या चिकटवून ॲलर्जी तपासतील, दोन दिवस पाठ भिजवायची नाही. दुखत नाही. तोवर पावडर थापू नका, आणि मलमाची जुनी ट्यूब तर मुळीच नको.

तुमची,
छकुली

ता. क. पार्सल शनिवारी येईल. आई, शर्ट आधी भिजत घाल, मगच बाबांना दाखव.