आई, दूध तोडल्यामुळे नाही गं

ती. आई-बाबांस,

सा. न.

काल फोनवर आई रडायला लागली आणि पुढचं राहिलंच, म्हणून लिहिते. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा.

माझ्या स्तनातली गाठ कॅन्सरची नाही. सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासलाय. आत्याचं होतं ते हे नव्हे. टीबीनंही अशीच गाठ येते, म्हणून तीही तपासणी झाली, टीबी नाही. याला ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस म्हणतात, स्तनातली चिवट सूज.

आई, ‘ओवीचं दूध मीच लवकर तोडायला लावलं’ असं पुन्हा म्हणू नकोस. हा आजार १९७२ मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला, पण नेमकं कारण अजून डॉक्टरांनाही सापडलेलं नाही. बहुतेकींना बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत होतो. नळ्यांतलं दूध बाहेर मांसात झिरपतं आणि शरीर त्यालाच परकं समजून सूज धरतं, असा एक अंदाज. काहींचं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढलेलं असतं. माझं ठीक आलं. काहींच्या गाठीत कोरिनेबॅक्टेरियम नावाचे जंतू सापडतात. यात तुझा दोष कुठे बसतो, सांग बरं?

ऑपरेशन करायचं नाही, हे मी ठरवलंय. तुम्हाला न विचारता ठरवलं, रागावू नका. आधी एका ठिकाणी गळू समजून चीर दिली, ती दोन महिने वाहत होती. पुन्हा कापून घ्यायची हिंमत नाही, आणि कापूनही हे उलटू शकतं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, गाठ मऊ पडतेय. वर्षभरही लागेल, पण बरं होतं. गोळ्यांनी चेहरा सुजलाय, म्हणून व्हिडिओ कॉल टाळत होते. तुम्ही घाबरला असतात.

इथं हाल नाहीत. डबा लावलाय, भांड्यांना मावशी येतात, ओवी दुपारी शेजारच्या काकूंकडे खेळते. रात्री दुखतं तेव्हा मात्र बाबांच्या सायकलचा कॅरिअर आठवतो. तापात तुमच्या पाठीला गाल टेकून दवाखान्यात जायचे, सदऱ्याला साबणाचा वास यायचा.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी चुकवायची नाही. गुडघा दुखत असताना एसटीनं धावत यायचं नाही. गणपतीला मीच येते. आई, नवस बोलली असशील तर असू दे, पण अनवाणी चालत जाऊ नकोस, टाचा बघ आधी. आणि पापड-लोणचं पाठवू नकोस, मीठ कमी सांगितलंय. ज्वारीचं पीठ पाठव, तुझ्या जात्यावरचं.

तुमची,
बेबी