तास चालतात, परीक्षा चालत नाही

ती. आई-बाबांना,
सा. न.

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुटायला लागल्यापासून आपल्या पेठेत घरोघरी पायलट तयार व्हायला लागलेत! बाबा, नातवाला पायलट व्हायला अमेरिकेला पाठवायचं म्हणणाऱ्या समोरच्या काकांना एवढंच सांगा, की अमेरिकेचा परवाना इथं तसाच चालत नाही. उड्डाणाचे तास जमेस धरतात, परीक्षा मात्र ज्या देशाचा परवाना हवा त्या देशाची. म्हणून नातवानं नोकरी कुठं करायची ते आधी ठरवा, फी मागून भरा.

इथं परत यायचं असेल तर डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, पेपरांतून सुटका नाही. नॅव्हिगेशन, हवामान, एअर रेग्युलेशन्स, पास व्हायला 70 टक्के. अमेरिकेत कमर्शियलला, म्हणजे पगारी पायलटच्या परवान्याला, 250 तास लागतात, आपल्याकडे 200, त्यामुळे मुलं निर्धास्त असतात. फसतात ती लॉगबुकच्या, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीच्या, पीआयसी रकान्यात; पीआयसी म्हणजे विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून केलेले तास. अमेरिकेत त्या प्रकारच्या विमानाचं रेटिंग, म्हणजे ते उडवायची परवानगी, असली आणि विमान स्वतःच्या हातात असलं, की शेजारी शिक्षक बसलेला असतानाही ते तास पीआयसी म्हणून लिहिता येतात. आपल्याकडे ते ड्युअल, म्हणजे शिक्षकासोबतचे तास. आणि इथं तर 100 तास पीआयसी दाखवायचे असतात. तेव्हा खऱ्या पीआयसीचा वेगळा रकाना त्यानं पहिल्या दिवसापासून ठेवावा. मागाहून निस्तरत बसणं फार महागात पडतं.

युरोपचं सगळ्यात कडक. एटीपीएलचे, म्हणजे एअरलाइन पायलटच्या परवान्याचे, 13 पेपर, प्रत्येकी 75 टक्के, पहिल्या पेपरापासून 18 महिन्यांत सगळे संपवायचे आणि एका पेपराला फक्त 4 संधी. बाहेरच्या परवान्यावर शिकवणीत सूट मिळू शकते, पेपरांत नाही. ब्रिटन वेगळं झाल्यापासून लंडनला दिलेले पेपर पॅरिसलाही चालत नाहीत. अमेरिकेत त्याच परवान्याचा, एटीपीचा, लेखी पेपर एकच, 125 प्रश्नांचा, पण त्याआधी 30 तास वर्ग आणि 10 तास सिम्युलेटरचा कोर्स सक्तीचा. वय 23, तास 1500.

मेडिकल आधी करायला सांगा, क्लास 2 आणि मग क्लास 1. रंग ओळखण्यात अडचण निघाली तर फीचे पैसे तरी वाचतील.

आई, तू त्याच्या आईला बारावीचं मार्कशीट आणि पासपोर्ट शेजारी ठेवून बघायला सांग. डीजीसीएच्या कॉम्प्युटर नंबरला, म्हणजे पेपर देण्याआधी घ्यायच्या नोंदणी क्रमांकाला, बारावीची पडताळणी लागते. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात, वडिलांचं नाव कधी असतं, कधी गाळलेलं. एवढ्यावरूनही कागद अडतात. दोन्हींचे फोटो मला पाठवा.

तुमची लेक