छोट्या कॉलेजातून वर जाणारी वाट

मॅरिएटा, ओहायो
दि. ३ ऑगस्ट २०२५

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र गेल्या आठवड्यात मिळाले. तुझ्या कॉलेजातल्या दोन मुलांची विद्यापीठाच्या बेसबॉल संघात निवड झाली, हे वाचून फार आनंद झाला. खानदेशातल्या त्या काळ्या मातीच्या मैदानावर आपण स्वतः चुना टाकून बेस (धावताना गाठायचे टप्पे) आखत असू, तेव्हा या खेळाला पुढे काही वाट असते असे आपल्या मनातसुद्धा आले नव्हते. तू विचारतोस की अमेरिकेत तरी ज्या कॉलेजचे नाव शंभर मैलांपलीकडे कोणाला ठाऊक नसते, त्या कॉलेजातल्या मुलाला व्यावसायिक संघात जाता येते का, आणि येत असेल तर कसे. मुलांना वाचून दाखवता येईल असे लिही, असेही तू म्हटले आहेस. बावीस वर्षे मी अशाच एका कॉलेजच्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मला नीट, सविस्तर द्यावेसे वाटते.

मॅरिएटा कॉलेज हे डिव्हिजन थ्रीमधले. इथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने कॉलेजांचे तीन गट केले आहेत आणि तिसऱ्या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, असा नियमच आहे. त्यामुळे इथे येणारा मुलगा फी भरून, अभ्यासासाठी येतो आणि त्यातच खेळतो. बेसबॉल खेळणारी अशी तिसऱ्या गटातली कॉलेजे चारशेच्या आसपास आहेत. पहिल्या गटातले संघ एका हंगामात ५६ सामने खेळू शकतात, तर यांना ४० च मिळतात, आणि ओहायोतल्या मार्च महिन्यात त्यांतले कितीतरी थंडीने आणि पावसाने वाहून जातात. म्हणजे जो मुलगा आधीच कोणाच्या नजरेत नाही, त्याला नजरेत येण्याची संधीही कमीच मिळते. मात्र ही छोटी कॉलेजे म्हणजे हौशी खेळ, असे समजू नकोस. इथले प्रशिक्षक डॉन शेली १९६४ पासून ४० हंगाम याच मैदानावर उभे राहिले, त्यांच्या संघाने १,४४२ सामने जिंकले आणि कॉलेजने आजवर सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. आज त्या मैदानालाच त्यांचे नाव आहे.

इथून वर गेलेल्यांमध्ये मला सर्वांत जवळचा वाटतो तो केंट टेकुल्व्ही. सव्वासहा फुटांहून उंच, काडीसारखा बारीक, डोळ्यांवर चष्मा, आणि चेंडू टाकताना हात जवळजवळ जमिनीला घासून येणारा हा पिचर १९६९ साली कॉलेजातून बाहेर पडला, तेव्हा ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत, त्याला एकाही संघाने निवडले नाही. पिट्सबर्ग पायरेट्सनी भरवलेल्या चाचणीला तो स्वतःहून गेला आणि तिथे त्यांनी त्याला घेतले. त्यानंतर पाच वर्षे तो खालच्या लीगमध्ये, म्हणजे मुख्य संघांसाठी खेळाडू घडवणाऱ्या लहान संघांत, होता. मुख्य संघात त्याने पाऊल टाकले १९७४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. पुढे १९७९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मुख्य लीगच्या अंतिम लढतीत, तीन सामने त्याने राखले, म्हणजे शेवटी येऊन संघाची आघाडी टिकवली, त्यांत निर्णायक सातवा सामनाही होता, आणि निवृत्त होईपर्यंत त्याचे १,०५० सामने झाले होते. वसंता, यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला ती पाच वर्षे वाटतात. कोणीतरी त्याला पाच वर्षे वाट पाहू दिली. आजच्या मुलांना नेमके तेच मिळत नाही, आणि मला मनापासून जे सांगायचे आहे ते हेच आहे.

काय झाले ते सांगतो. ड्राफ्ट म्हणजे ३० संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया, हे तुला माहीत आहेच. २०१९ पर्यंत तिच्या ४० फेऱ्या होत, म्हणजे बाराशेच्या वर मुलांची नावे पुकारली जात. २०२० मध्ये महामारीमुळे फक्त पाच फेऱ्या झाल्या आणि अवघे १६० जण निवडले गेले. २०२१ पासून फेऱ्या वीस झाल्या, त्या वीसच राहिल्या. त्याच वेळी मुख्य संघांशी जोडलेल्या खालच्या लीगमधले संघ १६० वरून १२० वर आणले गेले. जे चाळीस संघ गेले ते बहुतेक सर्वांत खालच्या पायऱ्यांवरचे होते, आणि नुकताच कॉलेजातून आलेला, विसाव्या-तिसाव्या फेरीत घेतलेला मुलगा जूनमध्ये पहिल्यांदा याच पायरीवर पाय ठेवत असे. इथून पावणेदोन तासांवर, वेस्ट व्हर्जिनियात मॉर्गनटाउनजवळ ग्रॅनव्हिलला पायरेट्सचा असा एक संघ होता. उन्हाळ्यात एखाद्या शनिवारी मी मुलांना घेऊन तिथे जात असे. गेल्याच आठवड्यात सही केलेली, अजून स्वतःच्या नव्या गणवेशात अवघडलेली पोरे तिथे खेळताना दिसत. आता त्याच मैदानावर ड्राफ्ट लीग नावाची निराळी स्पर्धा होते. तिच्या पूर्वार्धात अजून न निवडलेले कॉलेजचे खेळाडू खेळतात आणि उत्तरार्धात, ज्यांची कॉलेजची मुदत संपली आहे ते, थोड्याफार पैशावर. मैदान तेच आहे आणि प्रेक्षकही तेच आहेत, पण पूर्वी तिथे खेळणाऱ्या मुलाच्या हातात करार असे, आता बहुतेकांच्या हातात नसतो.

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. खालच्या लीगमधल्या खेळाडूंची पूर्वी जी आबाळ होत असे ती लाजिरवाणी होती. वर्षाला जेमतेम ११ हजार डॉलर मिळत, तेही हंगामापुरते, आणि एका खोलीत पाच-सहा जण जमिनीवर गाद्या टाकून झोपत. २०२२ पासून राहण्याची सोय संघांनी करायची असे ठरले आणि २०२३ मध्ये या खेळाडूंच्या संघटनेचा पहिला करार झाला. त्यानुसार सिंगल-ए पायरीवर किमान २६,२०० डॉलर आणि सर्वांत वरच्या ट्रिपल-एवर ३५,८०० डॉलर मिळू लागले. हे व्हायलाच हवे होते. पण त्याच करारात प्रत्येक संघाने देशांतर्गत बाळगायच्या खेळाडूंची मर्यादा १८० वरून १६५ झाली. म्हणजे जे आत आहेत त्यांचे बरे चालले आहे आणि उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांसाठी जागा आणखी कमी झाली आहे. पहिला घाव कोणावर पडतो, हे तुला सांगायला नको.

आता तुला एका मुलाबद्दल लिहितो. त्याचे नाव लिहीत नाही. तो आमच्या समोरच्या घरात वाढला, इथल्याच कॉलेजात पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकला आणि चार वर्षे पिचर म्हणून खेळला. त्याची आई शाळेची बस चालवते. हिवाळ्यात रात्री नऊनंतर त्यांच्या गॅरेजमधून धप् धप् असा आवाज येत असे. अर्धा किलोपासून पुढच्या वजनाचे रबरी चेंडू तो भिंतीवर फेकत असे, कारण खांदा बळकट करून वेग वाढवण्याची ती आजची रीत आहे. पहिल्या वर्षी त्याचा चेंडू ताशी ८३ मैलांनी जात होता, चौथ्या वर्षी तो ९१ वर पोहोचला. एकदा त्याने मला चेंडू हातात देऊन पकड समजावून सांगितली. लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात. त्या शिवणीवर मधले बोट आडवे ठेवले तर चेंडू एक वळण घेतो, शिवणीच्या कडेने ठेवले तर दुसरे. त्याच्या मधल्या बोटाच्या टोकाला सतारियाच्या बोटासारखा घट्टा पडला होता आणि नख त्याने एका बाजूने तिरके कापले होते, का तर ते शिवणीत अडकू नये. एवढ्या बारकाईने आपण कधी कोणते काम केले आहे का, असा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला.

छोट्या कॉलेजच्या मुलाला आज एक गोष्ट मात्र अनुकूल झाली आहे. चेंडूचा वेग आणि फिरकी मोजणारी रॅप्सोडोसारखी छोटी यंत्रे आता अशा कॉलेजांतही आली आहेत. स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारा माणूस, गावात आला नाही तरी आकडे त्याच्यापर्यंत जातात. पण आकडा दोन्हीकडून बोलतो. मुख्य लीगमधल्या वेगवान चेंडूची सरासरी आता ९४ मैलांच्या आसपास आहे, त्यामुळे ९१ हा आकडा पाहून कित्येक जण पुढचे पाहतच नाहीत. टेकुल्व्हीचा हात कोणत्या आकड्यात बसला असता?

२०२४ चा ड्राफ्ट १४ ते १६ जुलै असा तीन दिवस चालला. पहिल्या क्रमांकावर क्लीव्हलँडने घेतलेल्या ट्रॅव्हिस बझानाला ८९ लाख ५० हजार डॉलर मिळाले. चौथे वर्ष संपवलेल्या मुलाची गोष्ट अगदी वेगळी असते, आणि हे तुझ्या मुलांना जरूर सांग. तिसऱ्या वर्षानंतर निवडला गेलेला मुलगा ‘रक्कम पटली नाही तर मी कॉलेजात परत जातो’ असे म्हणू शकतो. चौथ्या वर्षानंतर परतीची वाट नसते, म्हणून संघ अशा मुलांना काही हजारांत सही करायला लावतात आणि वाचलेले पैसे शाळेतून येणाऱ्या एखाद्या हुशार पोराकडे वळवतात. समोरच्या मुलाला हे सगळे ठाऊक होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. त्याची आई मक्याची कणसे सोलत होती आणि फोन टेबलावर होता. सोळाव्या फेरीच्या सुमारास एका संघाच्या स्काउटचा फोन आला. मिळेल त्या रकमेवर सही करशील का, एवढेच त्याने विचारले. मुलगा हो म्हणाला. फोन ठेवल्यावर तो उभाच राहिला. विसावी फेरी संपली तरी दुसरा फोन आला नाही. आईने सोललेली कणसे उकळत्या पाण्यात सोडली, आम्ही सगळे जेवलो आणि कोणी त्या विषयावर बोलले नाही. त्या रात्री गॅरेजमधून पुन्हा धप् धप् आवाज आला, तेव्हा मला खरेच गलबलून आले.

तो उन्हाळाभर ड्राफ्ट लीगच्या उत्तरार्धात त्याच ग्रॅनव्हिलच्या मैदानावर खेळला. या वर्षी त्याला फ्रंटियर लीगमधल्या एका संघाने घेतले. ही स्वतंत्र लीग आहे, मुख्य संघांशी जोडलेली नाही. पगार तुटपुंजा असतो, मुक्काम गावातल्या एखाद्या कुटुंबाकडे असतो, आणि प्रवास बसने, रात्रीचा. पण ही वाट आंधळी नाही. डॅनियल नावा याला कोणी ड्राफ्टमध्ये घेतले नव्हते. तो अशाच एका स्वतंत्र लीगमध्ये खेळत होता तेव्हा बोस्टन रेड सॉक्सनी त्याचा हक्क एका डॉलरला विकत घेतला, आणि १२ जून २०१० रोजी मुख्य लीगमध्ये त्याला आलेल्या पहिल्याच चेंडूवर, तिन्ही बेसवर त्याचे साथी उभे असताना, त्याने होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवला.

एकाच छोट्या कॉलेजातून एकाच वर्षी किती जण जाऊ शकतात, याचेही उदाहरण देतो. फ्लोरिडातल्या दुसऱ्या गटातल्या नोव्हा साउथईस्टर्न विद्यापीठातून २००९ मध्ये माइल्स मायकोलस सातव्या, जे. डी. मार्टिनेझ विसाव्या आणि माइक फायर्स बाविसाव्या फेरीत निवडले गेले. मार्टिनेझला ह्यूस्टनने २०१४ च्या मार्चमध्ये काढून टाकले. डेट्रॉइटने घेतले आणि त्याच वर्षी त्याने २३ होमरन मारले. मायकोलस जपानमध्ये तीन वर्षे खेळून परत आला आणि सेंट लुइससाठी एका हंगामात १८ सामने जिंकला. फायर्सने मुख्य लीगमध्ये दोनदा असा सामना टाकला की प्रतिपक्षाला एकही हिट मिळाला नाही, म्हणजे चेंडू मारून कोणालाही बेस गाठता आला नाही. आता विचार कर: आजच्या वीस फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये फायर्सचे नाव पुकारलेच गेले नसते, आणि मार्टिनेझचे अगदी शेवटच्या फेरीत आले असते.

गेल्याच रविवारी, २७ जुलैला, कूपर्सटाउनमध्ये पिचर बिली वॅग्नरचा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, प्रवेश झाला. व्हर्जिनियातल्या फेरम या डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजचा हा विद्यार्थी. लहानपणी उजवा हात मोडला म्हणून डाव्या हाताने फेकायला शिकला, १९९३ मध्ये बाराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि ४२२ सामने राखून निवृत्त झाला. मतदानाच्या दहाव्या, म्हणजे शेवटच्या वर्षी त्याला ही जागा मिळाली. समोरच्या मुलाने तो कार्यक्रम बसमध्ये फोनवर पाहिला, असे त्याने कळवले.

तेव्हा मुलांना माझ्या वतीने असे सांग की कॉलेज लहान आहे म्हणून दार बंद होत नाही, पण उशिरा फुलणाऱ्याला थांबायची जागा आता फार थोडी उरली आहे. म्हणून पदवी पूर्ण करावी, खांदा जपावा, आणि किती वर्षे द्यायची हे आधीच ठरवावे. समोरच्या मुलाने स्वतःला सव्विसाव्या वर्षापर्यंतची मुदत दिली आहे. एका तेल कंपनीची नोकरी त्याने या वर्षी नाकारली. मला ते योग्य वाटते. त्याच्या आईला वाटत नाही, आणि तिच्या जागी मी असतो तर कदाचित मलाही वाटले नसते.

जूनमध्ये त्याचा संघ पिट्सबर्गजवळच्या वॉशिंग्टन गावी आला होता, तेव्हा आम्ही दोघे दोन तास गाडी चालवून गेलो होतो. आठव्या इनिंगला तो आला आणि तीन फलंदाज बाद करून गेला. त्याच्या शेवटच्या चेंडूला फलकावर ९३ हा आकडा दिसला. सामना संपल्यावर त्याने जाळीवरून तो चेंडू माझ्याकडे टाकला. ऑक्टोबरमध्ये आमच्या ओळखीचे एक गृहस्थ नाशिकला येणार आहेत, त्यांच्याबरोबर तो आणि आणखी पाच वापरलेले चेंडू तुझ्या मुलांसाठी पाठवतो. त्याच्या चेंडूवर हिरव्या गवताचा डाग आहे, तो पुसू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. निवड झालेल्या त्या दोघांपैकी पिचर कोण आणि तो किती वेगाने टाकतो, हे पुढच्या पत्रात अवश्य कळव.

तुझा,
बाळू