‘एवढ्याने काय होतंय?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोणत्या आजारात काय खावं आणि काय टाळावं, याबद्दल वृत्तपत्रांत भरपूर छापून येतं. ते पथ्य पाळताना माणसांना तोंड कसं द्यायचं, याबद्दल मात्र फारसं वाचायला मिळत नाही. घरी, आपल्या हातात असताना, पथ्य सहसा सांभाळलं जातं. ते मोडतं चारचौघांत, कुणीतरी प्रेमाने पुढे केलेल्या बशीपाशी, ‘एवढ्याने काय होतंय?’ या एका प्रश्नावर. या प्रश्नाला बहुतेक जण कसनुसं हसून वेळ मारून नेतात. खरं तर त्याचं उत्तर प्रत्येक पथ्यात वेगळं असतं आणि बऱ्याचदा ते आकड्यांत देता येतं.

सीलिअ‍ॅक आजाराचंच घ्या. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. बहुतेक रुग्णांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन बाधत नाही, असं मानलं जातं. रोज 50 मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर अस्तराला इजा होते, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं. गव्हाच्या पावाच्या एका कापात दोन ग्रॅमच्या वर ग्लूटेन असतं. म्हणजे त्या कापाचे दोनशे तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा हीच दिवसभराची मर्यादा! पावाला लोणी लावलेली सुरी पुन्हा लोण्याच्या डब्यात बुडवली की डब्याच्या कडेला जो चुरा चिकटलेला दिसतो, तेवढ्यानेही ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. तळणीचं तेल एकच असेल, पास्ता निथळायची चाळणी एकच असेल, टोस्टर एकच असेल, तर वेगळा केलेला पदार्थही वेगळा राहत नाही. आणि त्रास लगेच दिसेलच असं नाही. पोट अजिबात न दुखता आतडं बिघडत राहू शकतं.

दुसऱ्या टोकाला दुधातली साखर न पचणारी माणसं. त्यांतल्या बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, जेवणासोबत घेतलं तर फारसं जड जात नाही. इथे ‘एवढ्याने काही होत नाही’ हे खरंच असू शकतं. पण दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या जिवावर चमचाभर दूधही बेतू शकतं. बोलण्यात मात्र दोघांबद्दल एकच वाक्य येतं, ‘याला दूध चालत नाही.’ मग कुणीतरी मोठ्या मायेने लॅक्टोज-फ्री दूध आणून त्या मुलाला देतं. त्यात साखर फोडलेली असते, प्रथिनं जशीच्या तशी असतात.

मूत्रपिंडाच्या रुग्णांबाबत अशीच एक चूक होते. मीठ कमी करायला सांगितलंय म्हणून घरचे ‘कमी सोडियमचं’ मीठ आणतात. अशा मिठांत सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर हे पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. चांगल्या हेतूने दिलेला पर्याय मूळ पदार्थापेक्षा घातक ठरतो तो असा.

आणखी एक पथ्य लोकांना निव्वळ हट्ट वाटतं, ते म्हणजे अपस्मार असलेल्या मुलांचा कीटोजेनिक आहार. 1921 साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो सुचवला आणि औषधांनी झटके न थांबणाऱ्या मुलांसाठी तो आजही वापरतात. त्याच्या मूळ प्रकारात चार ग्रॅम स्निग्ध पदार्थांमागे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम असं प्रमाण असतं, आणि प्रत्येक जेवण वजनकाट्यावर मोजलं जातं. अशा मुलाच्या हातात कुणी लाडाने बिस्किट ठेवलं तर चरबी जाळताना शरीरात तयार होणाऱ्या कीटोनची पातळी खाली येऊ शकते, आणि थांबलेले झटके परतू शकतात. बिस्किट देणाऱ्याला हे ठाऊक नसतं. मूल बिचारं तोंडाकडे बघत असतं, हे तेवढं त्याला दिसतं.

म्हणून पथ्य पाळणाऱ्याने पहिलं काम करायचं ते स्वतःचं प्रमाण जाणून घेण्याचं. आपलं पथ्य ‘कणही नको’ या जातीचं आहे, ‘मोजून चालेल’ या जातीचं आहे, की आपण ते विचाराने किंवा आवडीने स्वीकारलंय, हे डॉक्टरांशी किंवा आहारतज्ज्ञांशी बोलून पक्कं करावं, आणि लोकांना तसंच सांगावं. तिन्ही कारणं आदराला सारखीच पात्र आहेत. पण तिसऱ्या जातीच्या पथ्याला पहिल्या जातीचं नाव देऊ नये. एखादा पदार्थ नुसता नावडतो म्हणून ‘मला अ‍ॅलर्जी आहे’ असं सांगायचं आणि तासाभराने तोच पदार्थ केकमधून खायचा, हे स्वयंपाकघरातली माणसं पाहत असतात. पुढच्या वेळी खरी अ‍ॅलर्जी असलेला कुणी आला, की त्याचंही म्हणणं ते अर्धंच ऐकतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

सीलिअ‍ॅकच्या बाबतीत एक सूचना कळकळीची आहे. तपासणीआधी गहू सोडू नका. गहू सोडला की ज्यांवरून हा आजार ओळखतात ती रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) उतरतात आणि तपासणी खोटा दिलासा देते. मग खात्री करून घ्यायची तर किमान सहा आठवडे रोज पुन्हा ग्लूटेन खावं लागतं, आणि त्याला फार थोडे लोक तयार होतात. ‘तुला कुणी सांगितलं?’ या प्रश्नाला निदानाचा कागद हे सगळ्यात भक्कम उत्तर आहे, आणि ते हातचं घालवलेलं असतं.

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे. सांगायचं ते जेवणाच्या टेबलावर सांगू नये, तीन-चार दिवस आधी सांगावं. निरोप तीन वाक्यांचा पुरे. काय चालत नाही, किती काटेकोरपणे चालत नाही, आणि काय चालतं. उदाहरणार्थ, ‘मी गहू आणि जव असलेलं काही खात नाही. त्याचा कणही बाधतो, त्यामुळे चमचा आणि भांडं वेगळं लागेल. फळं, उकडलेले बटाटे, साधा भात असं काहीही मला पुरतं, आणि माझा डबा मी आणला तर तुमची धावपळ वाचेल.’ तिसरं वाक्य लोक विसरतात, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं. यजमानाला नुसता नकार कळला तर तो गोंधळतो. काय करायचं ते कळलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, माल्ट जवापासून होतं, या गोष्टी त्याला माहीत असतील असं धरून चालू नये. त्या लेखी कळवाव्यात.

टेबलावर वाक्य एकच ठेवावं, ‘मी हे खात नाही.’ ‘नको’ म्हटलं की समोरच्याला तो संकोच वाटतो आणि पुन्हा वाढलं जातं. ‘सध्या टाळतेय’ म्हटलं की ‘मग आजचा दिवस सोड’ हे ठरलेलं. ‘डॉक्टरांनी नको म्हटलंय’ यावर ‘डॉक्टर काय, सांगतातच’ हे उत्तर तयार असतं. कारण दिलं की त्या कारणावर वाद घालायची सोय होते. तीन कारणं दिली तर त्यांतलं सगळ्यात लंगडं कारण समोरचा धरतो. म्हणून कारण विचारलं तर ‘नंतर सविस्तर सांगते’ म्हणावं आणि लगेच समोरच्याचीच काहीतरी चौकशी करावी. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आग्रह झाला तरी शब्द तेच आणि सूर तोच ठेवावा. नवा शब्द वापरला की घासाघीस सुरू झाली असं लोक समजतात. भीड ही भिकेची बहीण, हे इथे अक्षरशः खरं ठरतं. एकदा भिडेखातर घास घेतला की ‘त्या दिवशी तर खाल्लंस’ हे पुढच्या प्रत्येक वेळी ऐकावं लागतं.

ताट रिकामं ठेवू नये. रिकाम्या ताटाकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि वाढणाऱ्याचा हात तिकडेच वळतो. निघण्याआधी थोडं खाऊन जावं, म्हणजे भूक आणि आग्रह या दोघांशी एकाच वेळी झुंजावं लागत नाही. आणि आपल्या पथ्याचं महत्त्व इतरांना ते जेवत असताना सांगू नये. पुष्कळदा टीका सुरू होते ती आपल्या नकारात लोकांना स्वतःच्या ताटावरचा शेरा ऐकू येतो म्हणून. आपण काही म्हटलेलं नसतानाही तो ऐकू येतो, मग म्हटल्यावर काय होईल?

शक्य असेल तर त्या मंडळींतल्या एकाला आधीच विश्वासात घ्यावं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1951 साली केलेल्या प्रयोगात उघड दिसणाऱ्या रेघांची लांबीसुद्धा, सगळे चुकीची सांगतायत म्हणून, लोकांनी जवळजवळ एक तृतीयांश वेळा चुकीची सांगितली. गटात बरोबर उत्तर देणारा एकच साथीदार मिळाला की हे प्रमाण झपाट्याने खाली आलं. ‘अरे, तो नाही खात, राहू दे’ एवढं एक वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं, की आपल्या दहा वाक्यांचं काम होतं.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. ‘याच्या डोक्यातच आहे सगळं’ असं ठरवून काही जण गुपचूप तो पदार्थ खाऊ घालतात आणि नंतर ‘बघ, काही झालं का?’ विचारतात. मुलांच्या बाबतीत तर घरातली वडीलधारी माणसंही हे करतात. अशा परीक्षेतून काहीच सिद्ध होत नाही. लॅक्टोजचा त्रास अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत कधीही सुरू होतो. सीलिअ‍ॅकमध्ये बाहेरून काही न दिसताही इजा होते. अ‍ॅलर्जीत मागच्या वेळी नुसतं अंगावर उठलं म्हणून पुढच्या वेळीही तेवढंच होईल याचा काही भरवसा नसतो. तीव्र प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत येते. तेव्हा माणसाला आडवं करून पाय उंच ठेवायचे, श्वासाला त्रास होत असेल तर बसतं ठेवायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. खाज थांबवणारी गोळी देऊन वाट पाहणं ही त्या वेळची जीवघेणी चूक असते. ज्याने चोरून खाऊ घातलं, तो नेमका त्या क्षणी बोलायला कचरतो आणि मोलाची मिनिटं जातात. असं केलं असेल तर लाज बाजूला ठेवून ताबडतोब सांगावं.

मुलांना एकच वाक्य पाठ करून द्यावं, ‘मी आधी आईला किंवा बाबांना विचारतो.’ शाळेत वाटायच्या खाऊच्या दिवसांसाठी मुलाला चालणारा खाऊ शिक्षकांकडे डब्यात ठेवावा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर बाकीच्या मुलांनी खाल्ल्यावर हात साबण-पाण्याने धुवावेत, कारण जंतुनाशक जेलने शेंगदाण्याची प्रथिनं निघत नाहीत.

टीका करणारे नेहमीच चुकतात असंही नाही, आणि हे पथ्यवाल्यांनी ऐकून घ्यायला हवं. पोटाच्या तक्रारींसाठीचा लो-फॉडमॅप आहार (आतड्यात आंबून त्रास देणारी काही कर्बोदकं टाळण्याचा) दोन ते सहा आठवडे पाळून नंतर एकेक पदार्थ परत आणायचा असतो. पुष्कळ जण पहिल्याच टप्प्यावर वर्षानुवर्षं अडकून राहतात. सगळे प्राणिज पदार्थ सोडणाऱ्यांना बी-12 बाहेरून घ्यावंच लागतं. प्रौढांची दिवसाची गरज अवघी 2.4 मायक्रोग्रॅम आहे, पण यकृतातला साठा संपायला काही वर्षं लागतात, म्हणून ‘मला तर काही झालं नाही’ हा पुरावा धरता येत नाही. चालणाऱ्या पदार्थांची यादी दर महिन्याला आखडत चालली असेल, सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, पाळी थांबली असेल, पथ्य मोडल्यावर शिक्षा म्हणून पुढचं जेवण टाळलं जात असेल, माणसांत जेवणंच नकोसं झालं असेल, तर जवळची माणसं काळजीने बोलतायत हे ओळखावं. शुद्ध खाण्याचा ध्यास विकोपाला जातो त्याला अमेरिकी डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी 1997 साली ‘ऑर्थोरेक्सिया’ हे नाव दिलं. अशा वेळी घरच्यांनीही ताटावरून वाद घालू नये. एकांतात, जेवणाची वेळ सोडून, ‘तू काय खातेस’ यापेक्षा ‘तू थकलेली दिसतेस’ इथून सुरुवात करावी आणि डॉक्टरांकडे सोबत जावं.

आपल्या वृत्तपत्राकडून एक अपेक्षा आहे. पाककृती छापताना शेवटी एक ओळ द्यावी, की यात गहू, दूध, अंडं, शेंगदाणे, बदाम-काजूसारखी कठीण कवचाची फळं, सोया, तीळ, मासे यांपैकी काय आहे. आणि एखाद्या घटकाला पर्याय सुचवताना तो कुणासाठी आहे तेही लिहावं. ‘दुधाऐवजी लॅक्टोज-फ्री दूध चालेल’ असं छापलं, तर दुधातली साखर न पचणाऱ्यांना चालेल, अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना नाही, हे त्याच ओळीत यावं.

कळावे,
आपली,
एक आहारतज्ज्ञ